बावीस वर्षांची फ्लॉपी: प्रिन्स ऑफ पर्शियाच्या हरवलेल्या सोर्स कोडचं प्रकरण

कशाबद्दल आहे हे

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला होता त्यांना हा गेम वेगळा सांगायला नको. आमच्या क्लासात सहा मशीन, त्यातलं एकच कलर, आणि सर चहाला खाली उतरले की त्या एका मशीनभोवती आठ-दहा जणांची गर्दी, कोणीतरी डॉसच्या प्रॉम्प्टवर 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचं आणि पांढऱ्या कपड्यातलं ते पोरगं धावायला लागायचं. बाकीचे गेम तोवर खेळून झाले होतेच, पण त्यातला माणूस म्हणजे हलणारा ठोकळा. हा मात्र धावता धावता थांबवला तर घसरत थांबायचा, वळायचा तर अख्खं अंग वळवून, उडी कमी पडली तर पलीकडची कड हातांनी धरून लोंबकळायचा, आणि खिळ्यांवर पडला की बघणाऱ्या सगळ्यांच्या तोंडून एकदम 'आई गं'.

तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं की आम्ही खेळतोय ते मूळ नव्हेच. मूळ गेम ॲपल टू नावाच्या मशीनवर लिहिलेला, आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे लेखकाने हाताने लिहिलेला मूळ प्रोग्राम, पुढे हरवला, लेखकाने दहा वर्षं अधूनमधून शोधला, आशा सोडली, आणि २०१२ मध्ये तो कपाटाच्या मागच्या बाजूला सापडला. सापडल्यावर काय करायचं हा खरा प्रश्न होता, कारण सापडणं आणि वाचता येणं यात बरंच अंतर असतं. या प्रकरणात तेच बघायचंय.

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत आहे. इथे मुख्य माणसाचं नाव झाकून उपयोग नाही, गेमचं नाव घेतलं की ते कळणारच. ज्यांचं काम सार्वजनिक आहे त्यांचीच नावं घेतोय, घरच्यांना 'भाऊ' आणि 'वडील' एवढ्यावरच ठेवलंय.

पार्श्वभूमी

जॉर्डन मेकनर, अमेरिकन, जन्म १९६४. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने कराटेका नावाचा गेम लिहिला, १९८४ ला ब्रॉडरबंड कंपनीने तो काढला आणि चांगला चालला. त्यातच त्याने रोटोस्कोपिंग वापरून बघितलं होतं, म्हणजे खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं आणि एकेक फ्रेम गिरवून त्यावरून ॲनिमेशन बनवायचं. ही युक्ती काही त्याची नाही, मॅक्स फ्लायशरने १९१५ च्या सुमारास कार्टूनसाठी काढलेली. पण सिनेमावाल्यांकडे मोठे स्टुडिओ होते आणि याच्याकडे २८० बाय १९२ ठिपक्यांचा पडदा, सहा रंग, आणि चित्र काढायला काहीच मदत न करणारा ६५०२ प्रोसेसर.

१९८५ च्या ऑक्टोबरमध्ये, कॉलेज नुकतंच संपलेलं, त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालायला लावले आणि न्यूयॉर्कजवळच्या चॅपाक्वा गावात एका पार्किंगमध्ये नेऊन व्हीएचएस कॅमेऱ्यासमोर धाव, उडी मार, लटक, चढ असं सगळं करून घेतलं. भाऊ तेव्हा शाळकरी पोरगा. तो काही कसरतपटू नव्हता, आणि माझ्या मते तेच कामी आलं, कारण कसरतपटूची उडी सफाईदार दिसते आणि साध्या पोराची उडी जीव मुठीत धरल्यासारखी.

पुढचं काम मात्र भयंकर किचकट होतं. व्हिडिओतून चित्र थेट मशीनमध्ये ओढायची सोय त्याच्याकडे नव्हती. म्हणून टीव्हीवर टेप लावायची, पॉज करायची, पडद्याचा साध्या ३५ मिमी कॅमेऱ्याने फोटो काढायचा, पुढची फ्रेम, परत फोटो. रोल धुवून आणायचा. प्रिंटवर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या व्हाइटनरने माणसाची आकृती तेवढी उठावदार करायची. मग त्याची झेरॉक्स. मग ती झेरॉक्स व्हिडिओ कॅमेऱ्याखाली धरून ॲपलमधल्या डिजिटायझर कार्डातून आत घ्यायची, आणि तिथे परत ठिपका ठिपका साफ करायचा. आपल्याकडे भिंतीवर ग्राफ काढून पोस्टर मोठं करणारे पेंटर असायचे ना, त्यांच्या चिकाटीचं काम, फक्त उलट दिशेने, मोठ्याचं बारीक करायचं.

१९८६ ला तो ब्रॉडरबंडच्या जवळ कॅलिफोर्नियात राहायला गेला. मध्ये पटकथा लिहायचं वेड घेतलं, गेम बाजूला पडला, परत हातात घेतला, असं करत चार वर्षं गेली. या चार वर्षांतला एक निर्णय सांगायलाच हवा.

सुरुवातीला गेममध्ये लढाई नव्हतीच. तत्त्वाचाही भाग होता आणि मेमरीचाही, राजपुत्राच्या हालचालींनीच १२८ के भरत आलं होतं, शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा नाही. गेम सुंदर दिसायचा पण खेळायला कंटाळवाणा, आणि ब्रॉडरबंडमधली त्याची सहकारी टोमी पियर्स लढाई हवी म्हणून मागे लागली होती. त्यावर आधी निघाला तो सावलीचा माणूस. राजपुत्राचंच चित्र घ्यायचं, एक ठिपका बाजूला सरकवायचं, आणि मूळ चित्राशी एक्सक्लुझिव्ह ऑर करायचं, म्हणजे जिथे दोन्ही सारखे तिथे काहीच नाही आणि जिथे वेगळे तिथे ठिपका. चकाकणारी भुताटकीची आकृती तयार, नवीन चित्रांचा खर्च शून्य. त्यावरून मग गोष्ट सुचली की आरशातून उडी मारली की तुमचीच सावली सुटते, तुमच्याआधी बाटली पिऊन टाकते, दार बंद करते, आणि शेवटी तिला मारायला गेलात तर रक्त तुमचं जातं. जागेच्या टंचाईतून गेममधलं सगळ्यात लक्षात राहिलेलं पात्र निघालं.

तलवारबाजी त्यानंतर आली, त्यासाठी नंतर इकडूनतिकडून मेमरी काढली. इथे भाऊ चालणार नव्हता. १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमात एरल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांचं शेवटचं द्वंद्व आहे, त्यात काही सेकंद दोघं बरोब्बर बाजूने दिसतात. मेकनरने त्या फ्रेमचे फोटो काढून ऑफिसच्या जमिनीवर पसरले आणि वार कुठे, बचाव कुठे, मागे पाऊल कधी हे बघत बसला. आपण आयुष्यभर सिनेमातली तलवारबाजी बघतो, पण ती उलगडून वाचायला जमिनीवर फोटो पसरावे लागतात, हे मला फार आवडलं.

३ ऑक्टोबर १९८९ ला गेम बाजारात आला. ॲपल टू तोवर मरायला टेकलेलं मशीन, त्यामुळे सुरुवातीची विक्री थंड. मग डॉसवर आला, अमिगावर, मॅकवर, जपानी मशीनवर, आणि तिथून जगभर. आपल्याकडे पोचला तो डॉसवाला, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. पहिल्या लेव्हलनंतर मॅन्युअलच्या अमुक पानावरचं अक्षर विचारून बाटली प्यायला लावायचे, आमच्यापैकी कोणी मॅन्युअल बघितलेलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

अडचण

गेम निघाला की सोर्स कोडचं काय होतं? तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे काहीच नाही. फ्लॉपीवर ठेवला जातो, दुसऱ्या मशीनवर आणणाऱ्या मंडळींना समजावा म्हणून एक तांत्रिक टिपण लिहिलं जातं (मेकनरने ते ऑक्टोबर १९८९ मध्ये लिहिलेलं), आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. विकायची वस्तू म्हणजे गेम, कोड म्हणजे शिंप्याकडचं कागदी माप, कपडा शिवून झाला की कोण जपतंय.

ब्रॉडरबंड १९९८ मध्ये विकली गेली. २००२ च्या आसपास मेकनर युबिसॉफ्ट या गेम कंपनीबरोबर नवा त्रिमितीय प्रिन्स बनवत होता, तेव्हा त्याने जुन्या कोडचा शोध घेतला. सापडला नाही. घरी नाही, जुन्या सहकाऱ्यांकडे नाही. पुढची दहा वर्षं अधूनमधून शोध, मग जवळजवळ सोडून दिलं.

इथे थांबून एक विचारायला हवं की नक्की हरवलं काय होतं. गेम तर हरवला नव्हता, हजारो लोकांकडे तो चालत होता. चित्रंही हरवली नव्हती, ती गेमच्या डिस्कमधून काढता येतात. हरवलं होतं ते लेखकाने दिलेली नावं, टिपणं, तक्ते कसे मांडले ते, म्हणजे हे असं का केलं याचा माग. चालणाऱ्या प्रोग्रामातून परत कोड काढता येतो, पण तो नुसत्या आकड्यांचा निघतो. 'इथून २३ वजा कर' एवढं कळतं, ती २३ म्हणजे पाय आहे का भिंत हे कळत नाही.

आणि एक उपरोध असा की मेकनर रोजनिशी लिहायचा, वहीत, हाताने. त्या वह्या शाबूत होत्या, १९८५ च्या कोणत्या दिवशी त्याला कसला वैताग आला होता हे सगळं वाचता येत होतं, आणि त्या वैतागातून जे बनलं तेवढंच गायब.

कपाट

मार्च २०१२. वडिलांचा न्यूयॉर्कहून फोन, घर आवरतोय, तुझं जुनं सामान कपाटाच्या मागे निघालंय, खोकं पाठवलंय. (हेच वडील ज्यांनी दोन्ही गेमचं संगीत केलं होतं, पेशाने मानसशास्त्रज्ञ.) खोक्यात त्याच्या गेमच्या स्पॅनिश आवृत्तीच्या कॅसेटांचे गठ्ठेच्या गठ्ठे, ॲमस्ट्रॅड मशीनच्या, आणि त्यांच्यामध्ये खुपसलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीच्या तीन प्लास्टिकच्या डब्या. त्यातल्या फ्लॉपीवर लेबल, सोर्स कोड, ॲपल, १९८९.

म्हणजे शोधलं सगळीकडे, फक्त आईवडिलांच्या घरचं कपाट सोडून. आपल्याकडे तरी वेगळं काय, पासपोर्ट हरवला तर आधी ऑफिसचं ड्रॉवर उपसतात आणि मग आई सांगते की गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली आहे.

कोणते पर्याय होते

पहिला, आणि सगळ्यात मोह पाडणारा: कुठूनतरी जुनं मशीन आणायचं आणि घाल फ्लॉपी आत. ही पहिली खरी निर्णयाची जागा. वीस-बावीस वर्षांच्या फ्लॉपीवरचा चुंबकीय थर सुटत आलेला असू शकतो. ड्राइव्हचं हेड घाणेरडं असेल तर ते थर खरवडत जातं, आणि एकदा खरवडला की तिथला डेटा कायमचा गेला, दुसरा प्रयत्न नाही. शिवाय काही सिस्टीम फ्लॉपी ओळखता आली नाही की 'फॉरमॅट करू का' विचारतात आणि घाईत माणूस 'हो' दाबतो. हे मी अनुभवावरून सांगतोय, दुसऱ्याच्या फ्लॉपीवर केलंय, त्याबद्दल अजून बोलणी खातो.

दुसरा, साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह. हा पर्याय दिसतो पर्यायासारखा पण नाही. ॲपलच्या ८०० के वाल्या साडेतीन इंची फ्लॉपीत डिस्क फिरायचा वेग आतल्या-बाहेरच्या ट्रॅकनुसार (डेटा लिहिलेल्या गोल पट्ट्यांनुसार) बदलतो आणि लिहायची पद्धतही वेगळी. पीसीचा ड्राइव्ह एकाच वेगाने फिरवतो, त्याला ती फ्लॉपी कोरी किंवा खराब वाटणार. कित्येकांनी अशाच चांगल्या फ्लॉप्या खराब समजून टाकल्या असतील.

तिसरा, डेटा रिकव्हरीवाल्या कंपनीला पाठवायची. पैसे जातात ते जातात, पण बहुतेक कंपन्यांचा हात हार्डडिस्कवर बसलेला असतो, ॲपल टू च्या फ्लॉपीवर नाही. आणि एकुलती एक प्रत कुरिअरने पाठवायची म्हणजे... ती आधीच एकदा न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला खोक्यातून आलेली, तेवढं पुरे.

चौथा, काहीच न करता फ्लॉपी नीट ठेवून द्यायची आणि आरामात ठरवायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण चुंबकीय डेटाच्या बाबतीत थांबणं हाही एक निर्णयच आहे, घड्याळ चालूच असतं.

पाचवा, ज्यांचं हेच काम आहे त्यांना बोलवायचं. मेकनरने फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली नाही, सापडल्याचं जाहीर सांगितलं आणि मदत मागितली. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. दहा वर्षं शोधलेली वस्तू हातात आल्यावर ती उघडून न बघणं सोपं नाही.

काय केलं

जेसन स्कॉट, इंटरनेट अर्काइव्हशी जोडलेला, जुनं डिजिटल सामान वाचवणं हा त्याचा धंदाच. तो लॉस एंजेलिसला आला. टोनी डियाझ, ॲपल टू चा मोठा संग्राहक, तो आपली चालती जुनी यंत्रं गाडीत घालून आला. १६ एप्रिल २०१२, मेकनरच्याच घरी, टेबलावर मशीन मांडली.

कामाची पद्धत साधी पण शिस्तीची. जुन्या मशीनचा ड्राइव्ह आधी बाकीच्या फ्लॉपीवर चालवून बघायचा, खात्री पटली की मगच मौल्यवान फ्लॉपी. फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डेटाची नक्कल, घ्यायची आणि केबलने नव्या मशीनवर आणायची, मग पुढचं सगळं त्या प्रतिमेवर, मूळ फ्लॉपी बाहेर. सव्वापाच इंची फ्लॉप्या होत्या त्यांची गोष्ट आणखी अवघड, कारण कॉपी होऊ नये म्हणून त्यांच्यावर मुद्दाम वाकडंतिकडं लिहिलेलं असायचं. या गेमच्या विक्रीच्या डिस्कवर तर एका ट्रॅकवर नेहमीच्या १६ ऐवजी १८ सेक्टर (डेटाचे तुकडे) कोंबलेले, जागा वाढावी म्हणून, त्यासाठी रोलंड गुस्टाफसनने वेगळी डिस्क रूटीन लिहिली होती. कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप पंचवीस वर्षांनी वाचवणाऱ्यांच्याच वाटेत येतं, हा प्रकार जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सारखा दिसतो.

सोर्स कोडच्या साडेतीन इंची फ्लॉप्यांवर मात्र कुलूप नव्हतं, स्वतःच्या बॅकअपला कोण कुलूप लावेल. त्या वाचल्या गेल्या. दिवस आणि मोठी रात्र गेली, पण फाइली निघाल्या, आणि लोक हे सगळं ट्विटरवर चालू असताना बघत होते.

मग दुसरी निर्णयाची जागा: निघालेलं ठेवायचं कुठे. मेकनरने ते गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकलं, सगळ्यांना वाचता येईल असं, आणि सोबत एक टीप. टीपेचा मतितार्थ असा की हे आम्ही मजेसाठी आणि इतिहासासाठी काढलं, नाहीतर कायमचं गेलं असतं, कोड माझा आहे आणि कोणी अभ्यासला, बदलला, चालवला तर माझी हरकत नाही, मात्र यातून प्रिन्स ऑफ पर्शियाचे कसलेही हक्क मिळत नाहीत, तसे गेम बनवायचा आणि वाटायचा हक्क फक्त युबिसॉफ्टचा.

काय हाती लागलं

इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण त्या पोराचं जिवंत दिसणं नक्की कुठे दडलंय ते कोडात दिसतं.

आपल्याला वाटतं भावाचा व्हिडिओ होता म्हणून ॲनिमेशन खरं दिसलं. अर्धं खरं. फ्रेमा म्हणजे नुसती चित्रं, ती पळवली तर पाय जमिनीवर घसरताना दिसतात. कोडात दोन तक्ते आहेत. एका तक्त्यात प्रत्येक फ्रेमची नोंद, कोणतं चित्र, तलवार कुठे, किती आडवं-उभं सरकवायचं, आणि त्याबरोबर पायाची खूण, म्हणजे या चित्रात शरीराचा भार टेकलेला पाय नक्की कुठे आहे, आणि या फ्रेमला पायाखाली जमीन आहे का ते तपासायचं की नाही. उडीच्या मधल्या फ्रेमांना तपासायचं नाही, कारण तेव्हा पाय हवेतच आहेत. पाऊल टेकणाऱ्या फ्रेमला तपासायचं. खड्ड्याच्या काठावर तो कधी कधी वाचतो आणि कधी कधी पडतो, आणि दोन्ही वेळा आपल्याला 'बरोबर आहे' असंच वाटतं, त्याचं कारण हा एक बिट.

दुसरा तक्ता हालचालींच्या क्रमाचा. ही तर छोटीशी भाषाच आहे. ही फ्रेम दाखव, एवढे ठिपके पुढे सरक, ही फ्रेम दाखव, आवाज कर, तोंड फिरव, त्या क्रमावर जा. धावायला सुरुवात वेगळी, धावणं वेगळं, धावताना थांबणं वेगळं, धावताना वळणं आणखी वेगळं, हळू उतरणं, मध्यम पडणं, हाडं मोडून पडणं. आणि जपून टाकायच्या पावलाच्या एक ते चौदा अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत, एक ठिपक्याचं पाऊल, दोन ठिपक्यांचं, तीन... म्हणजे शिफ्ट दाबून आपण काठाकडे जायचो तेव्हा गेम मोजायचा की कड किती दूर आहे आणि बरोब्बर तेवढंच पाऊल टाकायचा. आम्ही क्लासात शिफ्ट दाबून दाबून काठापर्यंत जायचो आणि म्हणायचो 'काय भारी थांबतो रे', त्या मागे कोणीतरी चौदा पावलं हाताने लिहून ठेवली होती. काठावर आधीच उभा असेल तर पाय पुढे करून चाचपून बघतो, त्याचाही वेगळा क्रम आहे.

व्हिडिओने हालचाल दिली, पण वजन दिलं ते या तक्त्यांनी. त्याची किंमतही आहे, बटण दाबलं की लगेच वळत नाही, चालू हालचाल पुरी होईस्तोवर वाट बघावी लागते, आणि खूप जणांना तेव्हा हा गेम 'जड' वाटला तो यामुळेच. मला हा त्याने केलेला सौदा पटतो. माणूस खरा वाटला की पडण्याची भीतीही खरी.

कोड बाहेर आल्यावर पुढे काय झालं त्याची एक छान तुलना सापडते. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर हा गेम पूर्वी कधीच आला नव्हता, तो एका हौशी प्रोग्रामरने २०११ मध्ये आणला, म्हणजे फ्लॉपी सापडायच्या आधी, ॲपलचा चालता गेम उकलून उकलून. बीबीसी मास्टर या ब्रिटिश मशीनवर २०१८ मध्ये दुसऱ्याने आणला, तो प्रसिद्ध झालेल्या कोडावरून. दोन्हीही ६५०२ घराण्यातली मशीन. आणि डॉसची आवृत्ती उकलून आजच्या मशीनवर चालणारी एक तिसरीच मोकळी आवृत्ती लोकांनी बनवली. म्हणजे कोड सापडला नसता तरी चिकाटीवाले थांबले नसते हे खरं. पण चौदा पावलांना नाव होतं आणि ते लेखकाने काय ठेवलं होतं हे पहिल्या आणि तिसऱ्या वाटेने कळलं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

१९८९ मधल्या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. त्याने लेबल लावलं, ॲपल टू वाले बहुतेक जण सव्वापाच इंची वापरायचे तेव्हा साडेतीन इंचीवर प्रत ठेवली, घरच्या कपाटात ठेवली, बहुतेकांपेक्षा जास्तच केलं. चुकलं असेल तर १९९० ते २००२ या मधल्या काळात. तेव्हा ती मशीन अजून चालत होती, केबल मिळत होत्या, दर नव्या मशीनवर जुन्याचा अख्खा फोल्डर आत टाकत गेलं असतं तर फ्लॉपीची गरजच उरली नसती. रशियन बाहुल्यांसारखं, एकीच्या पोटात दुसरी, जुनी डिस्क नव्या डिस्कच्या पोटात. आपल्याकडे मोबाईल बदलला की फोटोंचं असंच करतात, आपोआप, म्हणून निदान फोटो तरी टिकतात.

शोधण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवं. २००२ ला प्रश्न होता 'कोड कोणाकडे असेल', म्हणून मागोवा गेला कंपनीकडे आणि सहकाऱ्यांकडे. प्रश्न 'मी त्या वर्षांत सामान कुठे कुठे ठेवलं' असा विचारला असता तर कदाचित दहा वर्षं आधी वडिलांना फोन गेला असता. हा माझा अंदाज, पण जुनं काही शोधणाऱ्यांनी माणसांची यादी करण्याआधी घरांची यादी करावी.

एका दिवसात, सगळ्यांसमोर काढायचं ठरवलं त्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. लोकांचं लक्ष गेलं, कित्येकांनी आपापल्या फ्लॉप्या शोधल्या असतील, हा फायदा मोठा. पण बघणारे असले की 'अजून एकदा करून बघू' असा दबाव येतो, आणि थर सुटलेल्या फ्लॉपीला अजून एकदा हेच घातक. इथे निभावलं कारण शेजारी डियाझसारखा माणूस होता ज्याला कधी थांबायचं ते कळत होतं. तो नसता तर मी तरी दारं बंद करून केलं असतं, बातमी दुसऱ्या दिवशी.

आणि शेवटचा मुद्दा परवान्याचा. 'माझी हरकत नाही' ही सज्जन माणसाची भाषा आहे, पण वकिलाला त्यातून काही हाती लागत नाही. कोड लेखकाचा, गेम बनवायचा हक्क कंपनीचा, मग त्या कोडावरून कोणी जुन्या मशीनसाठी गेम बनवून फुकट वाटला तर तो कुठे बसतो? हौशी मंडळींनी बनवला, वाटला, आजवर चाललंय. तेव्हाच कंपनीशी बसून 'विनामूल्य, अभ्यासासाठी, जुन्या मशीनसाठी चालेल' एवढं एक वाक्य लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ते वाक्य मिळवायला किती महिने आणि किती वकील लागले असते, आणि तोवर गिटहबवर काहीच नसतं, हेही तितकंच खरं, त्यामुळे त्या रात्री त्याने आधी टाकून दिलं यात मला तरी चूक दिसत नाही.